महिला फिगर स्केटिंग: कोण टिकेल, कोण नाही आणि का

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बोस्टनला 2025 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची तिन्ही पदकं क्वाडशिवाय (हवेत चार फेऱ्या घेणाऱ्या उडीशिवाय) गेली, ट्रिपल ॲक्सलसुद्धा (साडेतीन फेऱ्यांची उडी) तिघींपैकी कोणाच्याच कार्यक्रमात नव्हता. त्याआधी तीनच वर्षं, बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्वाडशिवाय सुवर्णाचा विचारही कोणी करत नव्हतं. मग आजच्या आघाडीच्या मुलींची ताकद नेमकी कशात आहे, कच्चं कुठे आहे, आणि पुढच्या काही वर्षांत कोण टिकेल? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न: मुलगी 12 वर्षांची आहे, डबल ॲक्सल (अडीच फेऱ्यांची उडी) बसलाय, प्रशिक्षक म्हणतात हार्नेसवर (वरून दोरीने तोलून धरणाऱ्या पट्ट्यावर) क्वाड सुरू करू. हो म्हणावं का?

मी 22 वर्षं शिकवते आहे. त्याआधी स्वतः स्पर्धेत उतरायचे, पण ट्रिपल साल्कावच्या (तीन फेऱ्यांच्या एका उडीच्या) पुढे माझी मजल गेली नाही. खाली जे लिहिते आहे ते रोज पहाटे रिंकच्या कठड्याला टेकून, मुलींना पडताना आणि उठताना बघून बनलेलं मत आहे. उत्तर लांबेल. तुमच्या मुलीचा विषय शेवटी घेतला आहे, कारण मधलं वाचल्याशिवाय तो पटणार नाही.

आधी गुणांचा हिशोब. टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल ही उड्यांची नावं; त्यांच्याआधीचे डबल, ट्रिपल, क्वाड हे शब्द फेऱ्या सांगतात. क्वाड टो लूपची मूळ किंमत 9.50 आहे, क्वाड लुट्झची 11.50, ट्रिपल ॲक्सलची 8.00. त्यापुढे ट्रिपल लुट्झचे 5.90 आणि डबल ॲक्सलचे 3.30 अगदीच किरकोळ दिसतात. आकडे असे समोर ठेवले की कोणालाही क्वाडचा मोह पडेल. पण परीक्षक प्रत्येक उडीला उणे 5 ते अधिक 5 अशी श्रेणी देतात आणि दर पायरीमागे मूळ किमतीचे 10 टक्के चढतात किंवा उतरतात. क्वाड लुट्झ पूर्ण फिरला पण मुलगी पडली, तर निम्मी किंमत गेली, उरले 5.75, पडल्याचा 1 गुण वेगळा कापला जातो, म्हणजे पदरात 4.75. तीच मुलगी ट्रिपल लुट्झ स्वच्छ मारून अधिक 3 ची श्रेणी घेईल तर 7.67 मिळतात. वर क्वाडची फेरी पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली तर मूळ किंमतच 80 टक्क्यांवर येते, आणि अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर तिला ट्रिपलचीच किंमत मिळते. अजून एक गोष्ट लोक विसरतात. फ्री स्केटमधल्या (दुसऱ्या, लांब कार्यक्रमातल्या) शेवटच्या तीन उड्यांना 10 टक्के जादा मिळतात. ट्रिपल लुट्झ आणि ट्रिपल टो लूपची जोडी तिथे ठेवली तर 10.10 चे 11.11 होतात, सुरुवातीला मारलेल्या क्वाड टो लूपपेक्षा जास्त. आणि शॉर्ट प्रोग्राममध्ये (पहिल्या, छोट्या कार्यक्रमात) महिलांना क्वाड मारायची मुभाच नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे प्रेक्षकांचं लक्ष कमी जातं. 2022-23 पासून कार्यक्रमाचे गुण तीन गोष्टींवर दिले जातात: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. महिलांसाठी हे गुण शॉर्टमध्ये 1.33 ने आणि फ्रीमध्ये 2.67 ने गुणले जातात, दोन्ही मिळून बरोबर 4. समजा एकीला सरासरी 9 मिळाले आणि दुसरीला 7.50. फरक दीड गुणाचा, गुणिले तीन गोष्टी, गुणिले 4: तब्बल 18 गुण. एवढी दरी एका क्वाडने भरून निघत नाही, दोन क्वाडनीही कसाबसा मेळ बसतो, तेही दोन्ही उभ्या राहिल्या तर. जपानची साकामोतो तीन वर्षं लागोपाठ जिंकली ती याच गुणांवर.

काओरी साकामोतोपासूनच सुरू करू. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन जागतिक सुवर्णं. महिलांमध्ये अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगनंतर, म्हणजे 1968 नंतर, हे कोणालाच जमलं नव्हतं. बीजिंगलाही ती क्वाड आणि ट्रिपल ॲक्सल या दोन्हींशिवाय कांस्य घेऊन आली होती. तिचा डबल ॲक्सल एकदा शांतपणे बघा. डबल ॲक्सल सगळ्याच मारतात, पण ती पूर्ण वेगात येते, वेग जराही न मोडता उडते, आणि उतरल्यावर वेग वाढल्यासारखा वाटतो. उडीआधी थांबून, पाय जुळवून, श्वास घेऊन मारलेली उडी आणि ही उडी कागदावर एकच असतात, बर्फावर मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. साकामोतोचा कच्चा दुवा लुट्झ. लुट्झ डाव्या पायाच्या बाहेरच्या एजवरून (ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून) उडायचा असतो. तिचा पाय शेवटच्या क्षणी आत कलायचा आणि तांत्रिक पॅनेल (उड्यांची एज आणि फेऱ्या तपासणारे अधिकारी) ते टिपायचं. इतकी वर्षं घट्ट बसलेली सवय आता मोडता येत नाही, ती सांभाळूनच कार्यक्रम बांधावा लागतो. तिच्या संघाने ते फार शहाणपणाने केलं आहे.

या एजच्या गोष्टीवर जरा थांबते, कारण तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. सरावानंतर बर्फ साफ करणारं यंत्र यायच्या आत मी मुलींना त्यांच्या उडीच्या जागी घेऊन जाते आणि खाली वाकून रेघ बघायला लावते. बर्फ खोटं बोलत नाही. लुट्झची येणारी रेघ एका बाजूला वळत आलेली असते. ती टो पिकच्या (ब्लेडच्या टोकाच्या दात्यांच्या) खड्ड्यापर्यंत तशीच वळत गेली तर लुट्झ खरा. शेवटच्या हातभर अंतरात रेघ उलट्या बाजूला वळली, लांबट एससारखी दिसली, तर मनात लुट्झ असला तरी प्रत्यक्षात फ्लिप, म्हणजे आतल्या एजवरून सुटणारी उडी, मारला गेला. उतरल्याची रेघही तशीच बोलते. पूर्ण फिरून उतरलेल्या उडीची रेघ एका टिंबापासून निघते आणि मोठ्या, मोकळ्या कमानीत मागे जाते. फेरी अपुरी असेल तर त्या टिंबाशी छोटा आकडा दिसतो, माशाच्या गळासारखा. ब्लेड बर्फाला लागल्यावर उरलेली फेरी तिथेच पिळून पूर्ण केली, त्याची ती खूण. माझ्या एका विद्यार्थिनीने मला दोन महिने सांगितलं होतं की तिचा ट्रिपल लूप पूर्ण होतो. तिसऱ्या आकड्याशी ती गुडघ्यावर बसली, बोटाने तो आकडा चाचपला आणि काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच डबल लूपवर परत जाऊन उंची वाढवायला घेतली.

आता अलिसा लिऊ, बोस्टनची विजेती. तिची गोष्ट मला गेल्या दहा वर्षांतली सर्वात मोलाची वाटते. 2019 मध्ये 13 व्या वर्षी ती अमेरिकेची सर्वात लहान राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी ज्युनिअर ग्रांप्रीमध्ये (ज्युनिअर गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत) एकाच कार्यक्रमात ट्रिपल ॲक्सल आणि क्वाड लुट्झ मारणारी पहिली महिला. नंतर वय वाढलं, उंची वाढली, मोठ्या उड्या हातातून निसटल्या. 2022 मध्ये जागतिक कांस्य जिंकलं आणि 16 व्या वर्षी तिने खेळ सोडला. दोन वर्षं बर्फापासून लांब. मग स्कीइंगला गेली, तो वेग अंगात पुन्हा भिनला आणि परत आली. 19 व्या वर्षी बोस्टनला 222.97 गुण घेऊन जिंकली, साकामोतोपेक्षा जवळपास 5 गुण पुढे. अमेरिकेला महिलांचं जागतिक विजेतेपद 2006 नंतर पहिल्यांदा मिळालं. या परतलेल्या लिऊकडे क्वाड नाही, ट्रिपल ॲक्सल नाही. तिच्याकडे काय आहे? लहानपणी चांगल्या हातांनी घडवलेल्या ट्रिपल उड्या, ज्या शरीर बदलल्यावरही टिकल्या. आणि आता अंगात आलेला मोकळेपणा. ती संगीताच्या आत असते, घाबरून पुढच्या उडीची वाट बघत नसते. कच्ची बाजू म्हणाल तर उड्यांची उंची अजूनही बेताची आहे आणि फेऱ्या जेमतेम पूर्ण होतात. कडक पॅनेल बसलं तर दोन-चार गुण जाऊ शकतात.

जपानची मोने चिबा बोस्टनला तिसरी आली. तिचे गुडघे बघा. प्रत्येक वळणावर ते असे दुमडतात आणि उघडतात की ब्लेडचा आवाजच येत नाही. माझ्या मते आज महिलांमध्ये शुद्ध स्केटिंग सर्वात सुंदर तिचं आहे. 2024 च्या ग्रांप्री फायनलमध्येही तिने रौप्य घेतलं. दोष एकच, पण महाग: जोडीतली दुसरी उडी अपुरी राहते. पहिल्या उडीतून उतरताना वेग मरतो आणि दुसरीसाठी उंची उरत नाही. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, म्हणून तिच्याबद्दल मी आशावादी आहे.

अँबर ग्लेन ही वेगळ्या जातीची खेळाडू. बोस्टनच्या वेळी 25 वर्षांची, ट्रिपल ॲक्सल मारणारी, 2024 आणि 2025 ची अमेरिकन विजेती, 2024 च्या ग्रांप्री फायनलची विजेती. त्या मोसमात बोस्टनपर्यंत तिने उतरलेली प्रत्येक स्पर्धा जिंकली होती. बोस्टनला शॉर्टमध्ये ट्रिपल ॲक्सलवर पडली, नववी गेली, शेवटी पाचवी आली. लोक याला मनाची कमजोरी म्हणतात. मी म्हणत नाही. ट्रिपल ॲक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून सुटते, फेऱ्या साडेतीन. ती कार्यक्रमाच्या सुरुवातीला फसली की श्वास, वेळ, वेग सगळंच विस्कटतं आणि पुढची अडीच-तीन मिनिटं माणूस ते गोळा करण्यात घालवतो. ज्यांनी कधी 8.00 ची उडी पणाला लावलेली नाही त्यांनी तिला नाजूक म्हणू नये. आणि 25 व्या वर्षी ती ही उडी मारते, याचाच अर्थ तिचं तंत्र ताकदीवर आणि वेळेवर उभं आहे. त्या दृष्टीने ती जपानच्या मिडोरी इतोच्या वाटेवरची आहे. इतोने 1988 मध्ये स्पर्धेत महिलांचा पहिला ट्रिपल ॲक्सल मारला तेव्हा ती काटक, मजबूत पायांची, उंच उडणारी मुलगी होती. ती उडी हलकेपणावर मारलेली नव्हती.

अमेरिकेची इझाबो लेव्हितो बोस्टनला चौथी आली, 2024 ची जागतिक उपविजेती. हातांची, मानेची, स्पिनमधल्या आकारांची तिला देणगीच आहे. पण उड्या छोट्या आहेत, वेग कमी आहे, आणि 2025 ची राष्ट्रीय स्पर्धा पायाच्या दुखापतीने हुकली. तिने आता वर्षभर फक्त उडी आधीच्या वेगावर काम केलं तर ती कुठच्या कुठे जाईल असं मला वाटतं. कोरियाची किम चे-यॉन उलट टोकाला: उड्या घड्याळासारख्या, 2025 ची चार खंडांची स्पर्धा जिंकलेली, पण कार्यक्रमाचे गुण अजून वर चढत नाहीत. बेल्जियमची लोएना हेन्ड्रिक्स ताकद आणि वेग दोन्ही बाळगून आहे, मात्र घोट्याने तिला छळलं आहे.

या सगळ्यांना एका रांगेत उभं केलं तर जे दिसतं ते असं. ज्यांच्या उड्या उंचीवर आणि वेगावर उभ्या आहेत त्या विशी ओलांडून खेळतात. ज्यांच्या उड्या केवळ झपाट्याने फिरण्यावर उभ्या होत्या त्यांची कारकीर्द बहुतेक विशीच्या आत संपली. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये रशियाच्या संघाला सुवर्ण मिळवून देणारी 15 वर्षांची लिप्नित्स्काया 2017 मध्ये, 19 व्या वर्षी निवृत्त झाली आणि ॲनोरेक्सियाबद्दल स्वतः बोलली. 2018 ची ऑलिंपिक विजेती झागितोवा 15 ची होती. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत तिने स्पर्धा थांबवल्या. 2022 ची विजेती श्चेर्बाकोवा 17 ची, त्यानंतर स्पर्धेत दिसली नाही. रशियाच्या खेळाडूंवर मार्च 2022 पासून आलेली बंदी हे एक कारण आहेच, पण एकमेव नाही. त्याच देशाची तुक्तामिशेवा मात्र 2015 मध्ये जागतिक विजेती झाली, मध्ये बरीच मागे पडली, आणि ट्रिपल ॲक्सल घेऊन 2021 मध्ये 24 व्या वर्षी पुन्हा जागतिक रौप्य घेऊन गेली. इटलीची कारोलिना कोस्टनर 25 व्या वर्षी जगज्जेती झाली आणि 27 व्या वर्षी ऑलिंपिक पदक जिंकली. मग वयाला दोष कशाला द्यायचा?

कारण शरीरशास्त्रात आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. महिलांच्या ट्रिपल उडीत हवेतला वेळ साधारण 0.6 सेकंद असतो. तेवढ्या वेळात तीन फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे पाच. फेऱ्या वाढवायचे दोनच मार्ग: हवेत जास्त वेळ राहा किंवा जास्त वेगाने फिरा. 11-12 वर्षांच्या बारीक मुलीला दुसरा मार्ग फुकट मिळतो, कारण तिचं अंग अक्षाच्या अगदी जवळ असतं. फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. खांदे आणि कंबर 10 टक्क्यांनी रुंदावली, वजन तेवढंच राहिलं, तरी विरोध 21 टक्क्यांनी वाढतो. वजनही वाढतंच. फुकट मिळालेलं असं परत जातं. ज्या मुलीला दरम्यान उंच उडायला शिकवलं असेल तिच्याकडे पहिला मार्ग शिल्लक असतो. जिला शिकवलं नाही तिच्यापुढे एकच पर्याय उरतो: अंग वाढू न देणं. आणि तिथून या खेळातलं सगळ्यात वाईट पर्व सुरू होतं.

यावर मी हातचं राखून लिहिणार नाही. पोटाला कमी खाऊन, मोठ्या उड्यांचा सराव करणाऱ्या मुलीची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि लँडिंगला शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार एका पायावर येत असतो. ताणाने हाडाला बारीक चिरा पडतात. पायाला, नडगीला, कंबरेला. पाळी चुकणं हे खेळाडू कसून मेहनत करत असल्याचं लक्षण आहे, असं आमच्या पिढीत प्रशिक्षक बिनदिक्कत सांगायचे. मीही 17 व्या वर्षी ते खरं मानलं होतं. ते साफ चूक आहे. खाण्यातून मिळणारी ऊर्जा सरावाला पुरत नसल्याची ती पहिली घंटा असते आणि त्या दिवशी उड्या थांबवून डॉक्टर गाठायला हवा. माझ्या रिंकवर हा नियम आहे आणि त्यापायी दोन पालक मुली घेऊन दुसरीकडे गेले. जाऊ देत.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने 2022 मध्ये वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेली. 2024-25 च्या मोसमापासून 17 लागू आहे. रशियाच्या 15 वर्षांच्या वालियेवाचं बीजिंगचं उत्तेजक प्रकरण ताजं असल्याने निर्णय लवकर झाला, पण मागणी जुनी होती. या नियमाने पुष्कळ बदललं आहे. आता मुलीचं शरीर बदलून झाल्यावर ती वरिष्ठ गटात येते. म्हणजे प्रशिक्षकाला 13 व्या वर्षी फळ तोडून घ्यायची सोय राहिली नाही. मात्र ज्युनिअर गटात तीच घाई चालू राहू शकते, हे मला खटकतं.

पुढे कोण? जपानची माओ शिमादा 2023, 2024 आणि 2025 अशी लागोपाठ तीनदा ज्युनिअर जगज्जेती झाली. तिच्याकडे ट्रिपल ॲक्सल आहे, क्वाड टो लूप आहे. वयाच्या नियमामुळे मिलान-कोर्टिनाचं 2026 चं ऑलिंपिक तिचं हुकलं, आणि अनेकांना याची हळहळ वाटते. मला वाटत नाही. ती त्यापुढच्या, 2030 च्या ऑलिंपिकला 21 ची असेल. तिच्या उड्यांत उंची आहे, आणि जे चार-पाच वर्षांत वाढायचं आहे ते स्केटिंग आहे. ज्युनिअर गटात तिच्यामागे वर्षानुवर्षं दुसरी आलेली कोरियाची शिन जी-आ माझ्या मनात जास्त घर करून आहे. क्वाड नाही, पण लवचिकता, आवाज न करणारं लँडिंग आणि चुका न करण्याची सवय. दोघींपैकी 22 व्या वर्षी कोण जास्त पूर्ण खेळाडू असेल असं विचारलं तर मी पैज लावणार नाही, पण शिन जी-आकडे माझं लक्ष राहील.

रशियाच्या मुलींबद्दल सर्वांना उत्सुकता आहे. त्यांची 2024 आणि 2025 ची राष्ट्रीय विजेती अडेलिया पेट्रोस्यान क्वाड मारते. 2026 च्या ऑलिंपिक पात्रतेसाठी तटस्थ खेळाडू म्हणून प्रत्येक गटात देशातून एकच नाव पाठवायची परवानगी होती. तीन वर्षं बाहेरच्या पॅनेलसमोर न खेळता आलेल्या मुलीचे क्वाड आणि एज कसे मोजले जातात, तोच खरा कस होता. घरच्या गुणांवरून अंदाज बांधू नका. हे फक्त रशियाबद्दल म्हणत नाही, सगळ्याच देशांत राष्ट्रीय स्पर्धेचे गुण सैल असतात.

क्वाड परत येतील का? येतील. जपानच्या मिकी आंदोने 2002 मध्ये ज्युनिअर फायनलमध्ये महिलांचा पहिला क्वाड साल्काव मारला, तिच्यानंतर दुसरीने क्वाड उभा करायला 15 वर्षांहून जास्त काळ लागला. रशियाच्या त्रुसोवाने बीजिंगला एका फ्रीमध्ये पाच क्वाड मारले, ते कोणी पुसून टाकू शकत नाही, आणि तिचं धाडस मला आजही थक्क करतं. पण यापुढचा क्वाड बहुधा 18-20 वर्षांच्या, पायात ताकद असलेल्या मुलीचा असेल, आणि तो कार्यक्रमात एखाद-दुसराच असेल, बाकी स्केटिंगचे गुण शाबूत ठेवून. त्या मुलीला हरवणं फार अवघड जाईल.

आता तुमची मुलगी. डबल ॲक्सल बसलाय म्हणता, तर तो कसा बसलाय ते घरच्या घरी तपासा. फोनवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेम्सवर, बाजूने चित्रण करा. ब्लेड बर्फ सोडतं तिथपासून ते लागतं तिथपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. 120 फ्रेम्स म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे उंची साधारण 31 सेंटिमीटर. 144 फ्रेम्स म्हणजे 0.6 सेकंद आणि 44 सेंटिमीटर. एकच उडी मोजू नका, थकल्यावर मारलेल्या पाच मोजा. त्या 110 फ्रेम्सच्या आसपास असतील आणि फेऱ्या तरीही पूर्ण होत असतील, तर ती झपाट्यावर फिरते आहे. अशा मुलीला आज हार्नेसवर चढवलं तर क्वाड लवकर येईल आणि लवकर जाईल. 130 च्या पुढे असेल तर पाया चांगला आहे, आणि मग सुद्धा आधी सगळ्या ट्रिपल, विशेषतः खऱ्या एजचे लुट्झ आणि फ्लिप, क्वाडच्या आधी.

हार्नेसशी माझं वैर नाही. भीती घालवायला, हवेतला अक्ष कळायला तो चांगला आहे. पण दोरी वर ओढणारा माणूस तिला न कमावलेली उंची देत असतो, आणि शरीर ती उंची आपली समजून फिरायला शिकतं. आठवड्यातून एकदा, थोड्याच उड्या, आणि त्याच दिवशी दोरीशिवाय तेवढेच डबल, एवढं मी मान्य करते. प्रशिक्षकांना दोन गोष्टी विचारा: तिची उंची वर्षात किती वाढली याची नोंद ते ठेवतात का, आणि वाढीच्या काळात उड्यांची संख्या कमी करतात का. माझी एक विद्यार्थिनी 14 महिन्यांत 9 सेंटिमीटर वाढली. सगळे ट्रिपल गेले. आम्ही सहा महिने सिंगल उड्या, एज आणि पावलं एवढंच केलं. ती रडायची, तिची आई मला फोन करून विचारायची की हे किती दिवस. 16 व्या वर्षी पाच ट्रिपल परत आले, आधीपेक्षा उंच. त्यातल्या दोन तर एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा पडून आल्या.

चित्रण झालं की उडीच्या जागी जाऊन रेघ बघायला तिलाच सांगा. तुम्ही बघून सांगू नका. टिंबाशी आकडा आहे की नाही ते तिने बोटाने चाचपू दे, मग क्वाडबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं काय आहे ते विचारा आणि फ्रेम्सचे आकडे घेऊन मला लिहा.